मदत हवी आहे: मेलमधल्या 'टेबल'चा अर्थ काय घ्यायचा?

सायली_प: साडेसातला कॉल आहे, प्लीज लवकर सांगा. क्लायंटच्या मेलमध्ये एवढंच आहे: 'लेट्स टेबल आयटम फोर.' सर म्हणतात, तयारी कर. दोन दिवस त्याच्याच स्लाइड करतेय. शेजारच्या टीममधला एकजण म्हणतो, विषय बारगळला. नक्की काय समजू?

रानवारा: चर्चेला ठेवणे. विधानसभेत अहवाल सभागृहाच्या पटलावर ठेवतात ना, तेच हे. निश्चिंत तयारी करा.

ओंकार_जर्सी: थांबा! क्लायंट कुठला?

रानवारा: कुठला का असेना. वीस वर्षं बैठकांची इतिवृत्तं लिहितोय, दुसरा अर्थ पाहिला नाही.

ओंकार_जर्सी: काका, तुमचा अर्थ ब्रिटिश. अमेरिकेत नेमका उलटा: विषय बाजूला ठेवणे. इथल्या कितीतरी संस्थांच्या सभा हेन्री रॉबर्टच्या 1876च्या नियमांवर चालतात. त्यात 'ले ऑन द टेबल' म्हणजे हातातलं तूर्त ठेवून दुसरं घ्यायचं. दुसऱ्या महायुद्धात यावरूनच ब्रिटिश आणि अमेरिकन अधिकाऱ्यांची चांगलीच जुंपली होती. दोघांना हवं होतं एकच! चर्चिलने लिहून ठेवलंय.

मांडवीकाठ: आमच्याकडे गोव्यात टेबलाला मेज म्हणतात. पोर्तुगीजमध्ये मेझा.

रानवारा: फारसीतही मेज आहे.

शुभांगी७२: नातीच्या शाळेत पाढ्यांना टेबल्स म्हणतात. 'बे एके बे' तिला येतच नाही, फार वाईट वाटतं.

टोरांटोकर: कॅनडात दोन्ही अर्थ कानावर पडतात. म्हणून मी टीमला हा शब्दच वापरू देत नाही. सरळ 'डिस्कस' किंवा 'पोस्टपोन' लिहा. आणि 'प्रीपोन' नको, इकडे कित्येकांना कळत नाही.

रानवारा: प्रीपोनला काय झालं? सोयीचा शब्द आहे.

ओंकार_जर्सी: सायली, क्लायंट कुठला ते सांगा ना आधी!

सायली_प: सॉरी, टेक्सासचा. सर आधी लंडनच्या प्रोजेक्टवर होते.

ओंकार_जर्सी: मग सर तिथला अर्थ घेतायत. तरी अंदाजावर राहू नका. 'आज बोलायचं की पुढच्या वेळी?' असं एका ओळीत विचारा.

सायली_प: विचारलं. उत्तर आलं, 'नेक्स्ट क्वार्टर.' सरांना दाखवलं. आज थेट मुद्दा पाच घेणार आहेत आणि त्याची एकही स्लाइड झालेली नाही. जाते, सव्वासहा झाले.