सेवेच्या पाळ्या लावून द्या
ताई, अंथरुणाला खिळलेल्या सासूबाईंचं सगळं एकटीने करताय आणि दीर म्हणतात 'तू घरीच असतेस ना'? त्यांना शनिवारची रात्र द्याच. पाठीला जखमा होऊ नयेत म्हणून दर दोन तासांनी कूस बदलायला उठले की कळेल घरी असणं म्हणजे काय ते.

'सुनेचं कर्तव्य' म्हणणाऱ्यांसाठी: २००७ च्या ज्येष्ठ नागरिक कायद्यात निर्वाहाची जबाबदारी मुलगा, मुलगी आणि सज्ञान नातवंडांवर आहे. त्या यादीत सून नाही. (भांडणात कायदा काढू नका, नुसता माहीत असू द्या.)

आणि 'जमेल का?' असं विचारूच नका, कुणालाच जमत नसतं. 'रात्री आईंना सांभाळणाऱ्या बाईचा पगार तिघा भावंडांत, एक तारखेपासून' असं सरळ सांगा. नणंद फुगेल. फुगू दे.