मदत हवी आहे: आईच्या नडगीवरची जखम दोन महिने भरत नाही, ऑक्सिजन देऊन फरक पडेल का?

नमस्कार. आई ७६ वर्षांची आहे, मधुमेह १२ वर्षं, गोळ्या चालू. दोन महिन्यांपूर्वी पलंगाची कड लागून डाव्या नडगीवरची कातडी सोलवटली. त्याच आठवड्यात माझा मुलगा सायकलवरून पडला, गुडघा चांगलाच खरचटला होता. त्याची खपली दहाव्या दिवशी गळून पडली. आईची जखम मात्र रुपयाएवढी तशीच. पू नाही, वास नाही. तळ फिकट लाल दिसतो, पण कडेची कातडी जाडसर, पांढुरकी होऊन बसलीय, आत सरकतच नाही.

थोडं वाचलं. जखमेत बारीक रक्तवाहिन्या तुटतात, ऑक्सिजन कमी होतो आणि त्यामुळेही कातडीच्या वरच्या थरातल्या केराटिनोसाइट पेशी जखमेवर सरकू लागतात. प्रयोगशाळेत तरुणांच्या पेशी कमी ऑक्सिजनमध्ये जास्त सरकल्या, म्हाताऱ्यांच्या तेवढ्या नाहीत. मग ऑक्सिजन कमी असलेला बरा की जास्त? ऑक्सिमीटरवर आईचा आकडा ९७ येतो. कोरोनातला कॉन्सन्ट्रेटर घरात पडून आहे, तो रात्री लावू का? एका ठिकाणी हायपरबेरिक चेंबर (बंद कक्षात जास्त दाबाखाली ऑक्सिजन देतात तो) सुचवलाय, खर्च फार आहे. कोणाला अनुभव असेल तर कृपया सांगा.

प्रतिसाद १
ताई, मी बरीच वर्षं जखमांच्या ड्रेसिंगचं काम करते. बोटावरचा ९७ नडगीबद्दल काहीच सांगत नाही. रक्तात ऑक्सिजन भरपूर असेल, पण पायाची धमनी अरुंद झाली असेल तर तो जखमेपर्यंत पोचणार कसा? कॉन्सन्ट्रेटरने त्यात विशेष भर पडत नाही.

तुम्ही वाचलंत ते बरोबर आहे, पण ऑक्सिजनची ती कमतरता सुरुवातीच्या इशाऱ्यापुरती. पुढे कोलॅजन (कातडीला बळकटी देणारं प्रथिन) पक्कं व्हायला आणि पांढऱ्या पेशींना जंतू मारायला ऑक्सिजन लागतोच. उतारवयात इशारा मंद आणि पुरवठाही कमी, असं दुहेरी होतं.

चेंबरचे पैसे भरण्याआधी व्हॅस्क्युलर सर्जनला (रक्तवाहिन्यांच्या सर्जनला) दाखवा. घोट्याचा आणि दंडाचा रक्तदाब मोजून त्यांचं गुणोत्तर काढतात. ०.९ किंवा कमी आलं तर धमनी अरुंद असण्याची शक्यता. मधुमेहात धमन्या कडक होऊन हा आकडा फसवा चांगला येतो, म्हणून पायाच्या अंगठ्याचा दाब मोजायलाही सांगा. तोवर घट्ट पट्टी बांधू देऊ नका. पाऊल थंड, निळसर पडलं किंवा झोपेत दुखू लागलं तर त्याच दिवशी दवाखाना गाठा.

धागाकर्ती
मनापासून आभार. आत्ताच आईची दोन्ही पावलं हातात घेऊन पाहिली. डावं स्पष्ट गार लागतंय. उजव्या पावलावर वरच्या बाजूला नाडी लागते, डाव्यावर मला सापडलीच नाही. आजच दाखवायला नेते. सूज उतरावी म्हणून रात्री डावा पाय दोन उशांवर ठेवत होतो, ते थांबवायचं का?