उन्हाळ्यासाठी हाफ पँट कशी निवडावी : घरच्या ग्रुपवरील चर्चा

दादा : सर्वांना नमस्कार. उकाडा वाढल्यापासून फुल पँटमध्ये पाय अक्षरशः शिजतात, म्हणून यंदा दोन-तीन चांगल्या हाफ पँट घ्यायचे मी ठरवले आहे. गेल्या उन्हाळ्यात घाईघाईने दोन घेतल्या आणि दोन्ही वाया गेल्या. पहिली गुडघ्याच्या खाली चार बोटे येत असे, त्यामुळे मी आहे त्याहून बुटका दिसायचो. दुसरी उभे असताना व्यवस्थित वाटली, पण खुर्चीत बसलो की मांडीत आवळायची, आणि महिनाभरात तिची जांघेतली शिवण उसवली. दोन्ही वेळा मी फक्त कंबरेचे माप आणि रंग पाहिला होता. नानाकाका, तुमची इतकी वर्षे कापड बेतण्यात गेली आहेत, तेव्हा नेमके काय पाहावे ते जरा सविस्तर सांगाल का?

नानाकाका : दादा, तू ज्या दोन गोष्टी पाहिल्यास त्या शेवटी पाहायच्या असतात. हाफ पँटमध्ये सर्वांत आधी पाहायची ती आतल्या शिवणीची लांबी, म्हणजे जांघेत चारही शिवणी जिथे एकत्र येतात तिथून खालच्या दुमडीपर्यंतचे अंतर. तयार कपड्यांत ही लांबी साधारणपणे ५, ७, ९ आणि ११ इंच अशी मिळते. लेबलवर ती लिहिलेली असेलच असे नाही, म्हणून पँट टेबलावर सपाट पसरून स्वतः टेपने मोजावी. बसायला नीट असलेली एखादी जुनी हाफ पँट घरात असेल, तर तिचे माप कागदावर लिहून बरोबर न्यावे. दुकानातल्या आरशापेक्षा त्या कागदाचा उपयोग जास्त होतो.

आता ही लांबी नेमकी कुठे संपावी? बहुतेक पुरुषांना गुडघ्याच्या वाटीच्या वर एक ते तीन इंचांवर संपणारी पँट शोभते. गुडघा पूर्ण झाकला की पोटरीचा तेवढाच तुकडा दिसतो आणि पाय आखूड वाटतो. तुझ्या पहिल्या पँटचे नेमके हेच झाले. साडेपाच फुटांच्या आसपास उंची असणाऱ्याने ७ इंचांपासून सुरुवात करावी, सहा फुटी माणसाने ९ इंचांपासून. ५ इंच लांबी धावण्याच्या आणि पोहण्याच्या पँटला योग्य आहे; रोजच्या वापरासाठी ती ज्याला सवय आहे त्याने खुशाल घ्यावी, मी स्वतः सुचवणार नाही.

तुझ्या दुसऱ्या पँटचा दोष मात्र लांबीत नव्हता. बसल्यावर मांडी पसरते, आणि पायाचा घेर, ज्याला आम्ही मोहरी म्हणतो, तो अरुंद असला तर कापडाला सरकायला जागाच राहत नाही. मग सगळा ताण वर जांघेतल्या शिवणीवर येतो. त्यात आसन, म्हणजे कंबरेपासून जांघेपर्यंतचा भाग, उथळ कापलेले असेल तर दोरा कितीही मजबूत असला तरी शिवण फार काळ टिकत नाही. म्हणून घालून पाहताना उभे राहून मांडीच्या बाहेरच्या बाजूचे कापड चिमटीत धरावे. दीड ते दोन इंच सैल कापड हातात आले पाहिजे. त्याहून कमी आले तर बसताना आवळेल, आणि तीन-चार इंच आले तर पाय घागऱ्यातून बाहेर आल्यासारखे दिसतील. त्यानंतर ट्रायल रूममध्ये स्टूल असेल तर त्यावर बसावे, नसेल तर उकिडवे बसावे. खालची कड एक-दोन इंच वर सरकणे स्वाभाविक आहे. त्याहून जास्त सरकली किंवा मागून कंबर खाली ओढली गेली, तर ती पँट तिथेच परत ठेवावी.

शेवटी पँट उलटी करून जांघेतली जागा पाहावी. तिथे टाक्यांच्या दोन समांतर ओळी असाव्यात आणि कापडाच्या कडा दुमडून आत घेतलेल्या असाव्यात. काही जण त्या ठिकाणी चौकटीच्या आकाराचा वेगळा तुकडा जोडतात. तो असेल तर पाय मोकळा हलतो आणि चारही शिवणींचा ताण एका टोकावर येत नाही.

ताई : नानाकाकांनी बेतण्याचे सांगितले, मी कापडाचे सांगते, कारण उन्हाळ्यात माप अचूक असूनही कापड चुकले तर ती पँट कपाटातच पडून राहते. प्रत्येक तंतू हवेतला ओलावा वेगवेगळ्या प्रमाणात धरतो. प्रयोगशाळेतल्या ठरावीक हवामानात कापूस आपल्या कोरड्या वजनाच्या सुमारे ८.५ टक्के ओलावा धरतो, लिनन सुमारे १२ टक्के आणि पॉलिएस्टर जेमतेम ०.४ टक्के. म्हणूनच साध्या विणीचे शुद्ध पॉलिएस्टर अंगाला चिकटल्यासारखे आणि कोंदट वाटते, तर सुती कापड घाम टिपून घेते.

पण याची दुसरी बाजूही लक्षात घ्यायला हवी. कापूस घाम टिपतो तसा तो धरूनही ठेवतो. एकदा चिंब भिजला की लवकर वाळत नाही आणि ओले कापड मांडीला घासत राहते. त्यामुळे बसणे-उठणे, बाजारहाट, प्रवास यांसाठी सुती किंवा लिनन घ्यावे, आणि धावणे, डोंगर चढणे, पाण्यात खेळणे यांसाठी खास विणलेले पातळ पॉलिएस्टर किंवा नायलॉन घ्यावे, जे घाम पृष्ठभागावर पसरवून झटपट वाळते. एकच पँट दोन्ही कामांना वापरायचा हट्ट धरला, की दोन्हीकडे गैरसोय होते.

कापडाचे वजनही विचारावे. प्रति चौरस मीटर १५० ते २०० ग्रॅमचे सुती कापड उन्हाळ्याला उत्तम. २५० ग्रॅमच्या पुढचे ड्रिल किंवा डेनिम दिसायला सुबक असले तरी दुपारी नकोसे होते. आकडा कळत नसेल तर एका पायाच्या आत हात घालून कापड उजेडाकडे धरावे. बोटांची धूसर कडा जाणवली तर वीण मोकळी आहे असे समजावे. बोटे स्पष्ट दिसली तर ते कापड पँटसाठी फारच पातळ आहे.

मला स्वतःला सीअरसकर हे पट्ट्यापट्ट्यांचे कापड फार आवडते. त्यात काही उभे धागे ताणून आणि काही ढिले ठेवून विणतात, त्यामुळे एकाआड एक पट्टे गुळगुळीत आणि चुरगळलेले असे तयार होतात. चुरगळलेला भाग कातडीपासून किंचित वर राहतो, मधून हवा फिरते आणि इस्त्रीची गरजच उरत नाही. फारसी भाषेत दुधाला शीर म्हणतात आणि साखरेला शकर. हे नाव त्या दोन शब्दांवरून आले आहे, गुळगुळीत पट्टा दुधासारखा आणि खडबडीत पट्टा साखरेसारखा. लिनन तितकेच थंड, पण बसून उठलात की चुण्या पडणारच. त्या ज्यांना खपत नाहीत त्यांनी कापूस आणि लिनन यांचे मिश्रण घ्यावे.

अण्णा : चर्चा वाचून आनंद झाला. माझी शंका वेगळी आहे. मी ६८ वर्षांचा आहे, आणि चार माणसांत हाफ पँट घालून बसणे मला आजवर कमीपणाचे वाटत आले आहे. घरात ठीक, पण बाहेरही ती नीटनेटकी दिसू शकते का?

नानाकाका : अण्णा, निश्चित दिसू शकते. आपण ज्या पँटला बर्म्युडा म्हणतो, तिचे नाव अटलांटिक महासागरातल्या त्या बेटांवरून पडले. उष्ण प्रदेशांतल्या ब्रिटिश सैनिकांच्या आखूड गणवेशापासून तिची सुरुवात झाली, आणि पुढे त्या बेटांवर ती कचेरीत घालायचा पोशाख बनली : वर कोट आणि टाय, खाली गुडघ्यापर्यंतचे मोजे. टेनिसमध्येही १९३२ पर्यंत मोठ्या स्पर्धांत पुरुष पांढरी फुल पँटच घालत. त्या वर्षी इंग्लंडच्या बनी ऑस्टिन यांनी अमेरिकेतल्या स्पर्धेत हाफ पँट घातली आणि नंतर विंबल्डनलाही ते तशीच घालून उतरले. पँट आखूड आहे म्हणून माणूस गबाळा दिसत नाही. कापड मऊ पडलेले आणि कंबर लोंबणारी असली तर फुल पँटमध्येही तो गबाळाच दिसतो.

तुमच्यासाठी मी गडद निळी किंवा खाकी, समोरून सपाट, बेल्टच्या पट्ट्या असलेली आणि गुडघ्याच्या अगदी वर संपणारी सुती पँट सुचवेन. वर कॉलरचा अर्ध्या बाह्यांचा शर्ट घाला. शर्ट बाहेर ठेवायचा असेल तर त्याची खालची कड चेनच्या मध्यापर्यंत यावी. त्याखाली आली की पँट जवळजवळ झाकली जाते आणि माणूस फक्त शर्ट घालून आल्यासारखा वाटतो. पायांत चामड्याची सँडल किंवा साधे कापडी बूट चालतील. बूट घातलेत तर घोट्याच्या खाली राहणारे मोजे घ्या, कारण पोटरीच्या मध्यापर्यंत आलेला मोजा उघड्या पायाचे दोन तुकडे करतो.

दादा : खिशांचे काय? मला मांडीवर मोठे खिसे असलेली कार्गो पँट सोयीची वाटते.

नानाकाका : ट्रेकिंगला जरूर घाल. एरवी त्या खिशांत फोन आणि किल्ल्या टाकल्या की प्रत्येक पावलाला ते मांडीवर आपटतात आणि पँट एका बाजूला कलते.

ताई : इथे मी दादाच्या बाजूने आहे. ज्यांना औषधे, चष्मा, पाकीट सोबत ठेवावे लागते, त्यांना आणखी एक खिसा हवाच असतो. फक्त तो फुगीर नसावा, मांडीलगत सपाट शिवलेला आणि चेनचा असावा. आणखी एक गोष्ट सांगते. आतल्या खिशाचे अस्तर किती खोल आहे तेही पाहा. आखूड पँटमध्ये खिशात फोन ठेवून बसलात की कित्येकदा पांढरे अस्तर खालच्या कडेतून डोकावते.

अण्णा : नाना, हे लक्षात ठेवीन. निळ्या रंगाचीच बघतो.

दादा : आज सकाळी गेल्या वर्षीची ती लांब पँट बाहेर काढली. आतली शिवण पूर्ण ११ इंच भरली, आणि माझी उंची साडेपाच फूट. नानाकाकांनी सांगितलेली मापे ताडून पाहायला एक पाय ९ इंचांवर आणि दुसरा ७ इंचांवर आत दुमडून टाचण्या लावल्या आणि आरशापासून सहा-सात फूट मागे उभा राहिलो. ९ इंचांची कड बरोबर गुडघ्याच्या वाटीवर येते, तर ७ इंचांच्या पायात वाटी आणि तिच्या वरचे दोन इंच मोकळे दिसतात. खुर्चीत बसलो तेव्हा ती कड दीड इंच वर सरकली, तरी मांडीत कुठेही आवळले नाही. कापड चांगले सुती आहे, म्हणून टाकून देण्याऐवजी हीच ७ इंचांवर कापून घेतो.

नानाकाका : कापण्यापूर्वी ती एकदा धुऊन पूर्ण वाळव, कारण सुती कापड पहिल्या एक-दोन धुण्यांत लांबीला आटते आणि तू आज घेतलेले माप तेव्हा उरणार नाही. त्यानंतर पुन्हा टाचण्या लाव, खडूची खूण कर, आणि खुणेच्या खाली दीड इंच माया, म्हणजे दुमडीसाठी जादा कापड, सोडूनच कात्री चालव. तेवढ्यात दुहेरी दुमड बसते, आणि पुढे कधी अर्धा इंच वाढवावीशी वाटली तर कापडही हाताशी राहते.