व्होल्कनोव्स्कीला घरी बसायला सांगणारे आपण कोण?

घणाघात: यूएफसी (मिश्र मार्शल आर्ट्सच्या लढती भरवणारी कंपनी) मधल्या व्होल्कनोव्स्कीबद्दल, म्हणजे आपल्या व्होल्कबद्दल, काल इथे एकाने लिहिलं, 'व्होल्कने 36 व्या वर्षी मायामीत बेल्ट परत मिळवला, आता मानाने बाजूला व्हावं, नाहीतर उतारवयात हरत राहिलेल्या जुन्या चॅम्पियनसारखा त्याचा अँडरसन सिल्वा होईल.' डोकं फिरलं, म्हणून सविस्तर लिहितोय. 2019 मध्ये हॉलोवेकडून बेल्ट घेतला, पाच वेळा राखला. टोपुरियाने झोपवल्यावर हेच लोक 'संपला' म्हणत होते. वर्षभराने पठ्ठ्याने सहा वर्षांनी लहान असलेल्या लोपेसला पाच राउंड खेळवून हरवलं. टेक्सेरा 42 व्या वर्षी चॅम्पियन झाला, कोटूर 43 व्या. जिंकणाऱ्याला 'थांब' म्हणायचं कशाच्या जोरावर?

खपली: कोटूर हेवीवेट, टेक्सेरा लाइट हेवीवेट. व्होल्कच्या 145 पौंडांच्या वजनगटात आधी वेग जातो, ही तुलनाच चुकीची. आणि प्रश्न बेल्टचा नाहीच, डोक्याचा आहे. ऑक्टोबर 2023 ला मखाचेवची लाथ, फेब्रुवारी 2024 ला टोपुरियाचा ठोसा. चार महिन्यांत दोन नॉकआउट! माजी चॅम्पियन लिडेल सलग तीन नॉकआउट खाऊन थांबला, तरी 2018 मध्ये 48 व्या वर्षी ऑर्टिझसमोर उतरला आणि पहिल्याच राउंडमध्ये आडवा झाला.
माझा मावसभाऊ बॉक्सिंग करायचा. आज चाळिशीत एकच गोष्ट तीनतीनदा सांगतो, मावशी त्याला गल्ल्यावर बसू देत नाही. मला आकडेवारी नका शिकवू.

रविवार_सकाळ: दोघेही मूळ मुद्दा सोडताय. मखाचेवशी लढत ठरली कशी? त्याच्याशी लढणार होता त्या ऑलिव्हेराची भुवई फुटली आणि व्होल्कला जेमतेम दोन आठवडेही न देता अबू धाबीत उभं केलं. हरल्यावर तो रडत म्हणाला की लढत नसली की माझं डोकं ठिकाणावर राहत नाही. हे ऐकल्यावर यूएफसी कंपनीने काय करायला हवं होतं? चार महिन्यांत टोपुरियासमोर उभं केलं! फायटर यांच्या लेखी स्वतंत्र कंत्राटदार. पेन्शन नाही. 'निवृत्त हो' हा सल्ला आधी कंपनीला द्या, निवृत्तांचं काय करते ते विचारा.

घणाघात: पगार-पेन्शनसाठी वेगळा धागा काढा. व्होल्क काही उपाशी नाही.

रविवार_सकाळ: वेगळा कसा? सिल्वाचं नाव घेता ना? पाय मोडल्यावरही तो सात वर्षं यूएफसीत लढला. पहिल्या लढतीचे पैसे खालच्या फायटरला किती मिळतात, ते एकदा बघा. चॅम्पियन थांबू शकतो, बाकीच्यांना थांबायची सोयच नाही.

लालमाती: कोल्हापूरकडचा आहे, म्हणून बोलतो. आपल्याकडे हिंदकेसरीला, महाराष्ट्र केसरीला सरकारी मानधन तरी आहे. कमी असेल, पण आहे. आणि लंगोट खुंटीला टांग, हे सांगायचा हक्क वस्तादाचा. जोडीत पोरगा कसा उठतो ते रोज तोच बघतो. व्होल्कसोबत त्याचा प्रशिक्षक, जो लोपेझ (Joe Lopez) नावाचा, सुरुवातीपासून आहे, रग्बी सोडून 97 किलोचा व्होल्क आला तेव्हापासून. तो बोलेल. आपण टीव्हीसमोर बसून नको.

खपली: वस्ताद?! माझ्या मावसभावाला डोक्याला मार लागल्यावर आठवड्यात पुन्हा रिंगमध्ये ढकलणारा त्याचा वस्तादच होता! त्याला जिल्ह्याचं पदक हवं होतं. जॉर्डन पार्सन्स हा फायटर आठवतो? 2016 मध्ये गाडीखाली गेला, वय 25. मेंदू तपासला तर सीटीई निघाला, म्हणजे डोक्याला वारंवार मार बसून होणारा मेंदूचा आजार. बाहेरून कुणालाच दिसलं नव्हतं. वस्तादाला काय दिसणार?

लालमाती: तुमच्या भावाचं वाईट वाटलं. पण एका नालायक माणसावरून सगळ्या वस्तादांना धुऊ नका. आमच्याकडे मानेला झटका बसलेल्या पोराला वस्तादांनी हंगामभर मातीत उतरू दिलं नाही, बापाशी भांडण झालं तरी.

घणाघात: खपली, नॉकआउटनंतर सहा महिने सक्तीने बाहेर ठेवावं, इथपर्यंत येतो. त्यापुढे एक पाऊल नाही. मियोचिच 42 व्या वर्षी जोन्ससमोर उतरला, हरला, त्याच रात्री स्वतः थांबला. टेक्सेरानेही रिओत हरल्यावर ग्लोव्हज स्वतः काढले. व्होल्कला तेवढी अक्कल आहे.

खपली: सहा महिने आणि मेंदूचं स्कॅनिंग. तेही कंपनीचा नसलेल्या डॉक्टरकडून. एवढं होत असेल तर लढू दे, पण मी बघणार नाही.

रविवार_सकाळ: आणि त्या डॉक्टरचे पैसे कोण देणार? फायटरांनी यूएफसीवर केलेल्या खटल्यात 37.5 कोटी डॉलरची तडजोड झाली, तीही 2010 अखेर ते जून 2017 मध्ये लढलेल्यांपुरती. व्होल्क आला नोव्हेंबर 2016 ला. त्याच्या बेल्टच्या सगळ्या लढती त्यानंतरच्या. त्या काळाचा दुसरा खटला आहे, त्यावर इथे एक ओळ तरी लिहा कुणी.