आईच्या मोडी वाचनासाठी घरचा संगणक : ५०,००० रुपयांत कोणते भाग घ्यावेत?

प्रश्न : सहकारनगरची लेक

नमस्कार. माझी आई ७१ वर्षांची आहे. शिक्षिकेच्या नोकरीतून निवृत्त झाल्यावर ती मोडी लिपी शिकली आणि गेली दोन वर्षे आमच्या घराण्यातील जुन्या कागदांचे देवनागरीत लिप्यंतर करत आहे. कागद जीर्ण झाल्यामुळे आम्ही त्यांची मोबाइलवर छायाचित्रे काढून ठेवली असून ती दोन हजारांच्या आसपास आहेत. सध्या ती मोबाइल पोळ्यांच्या डब्याला टेकवून उभा करते, दोन बोटांनी ओळ मोठी करते, चार शब्द वाचते आणि शेजारच्या लॅपटॉपवर टंकते. पुन्हा मोबाइलकडे पाहीपर्यंत पडदा काळा झालेला असतो आणि ओळ हरवते. मोडीत आधी पानभर शिरोरेघ ओढून मग अक्षरे लिहिली जात असल्यामुळे शब्द कुठे तुटतो हे मुळातच चटकन कळत नाही, त्यात ओळ हरवली की तिला सारे पुन्हा जुळवावे लागते.

लॅपटॉप अकरा वर्षांचा आहे. विंडोज १० चे नियमित साहाय्य १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपले आणि विंडोज ११ त्यावर चढत नाही. म्हणून ५०,००० रुपयांच्या आत, मॉनिटर आणि यूपीएस धरून, घरी नवा संगणक जुळवून घ्यावा असे ठरवले. एका दुकानदाराने पुढील यादी दिली : रायझन ५ ५६००जी प्रोसेसर, १६ जीबी रॅम, २५६ जीबीची एसएसडी (माहिती साठवण्याचे वेगवान साधन), सोबत १ टीबीची हार्ड डिस्क, दिव्यांचे पंखे असलेले काचेचे कॅबिनेट आणि साडेएकवीस इंची मॉनिटर. लिप्यंतराखेरीज आई कीर्तने ऐकते, परदेशातील माझ्या भावाशी व्हिडिओवर बोलते आणि निवृत्तिवेतनाचे बँक खाते पाहते. ही यादी तिच्यासाठी योग्य आहे का?

उत्तर : जुळणीकार, शनिवार पेठ

यादीतील एकही भाग वाईट नाही, पण ती आपल्या आईंचे काम डोळ्यांसमोर ठेवून केलेली नाही. मी गेली बरीच वर्षे घरगुती संगणक जुळवून देत आहे आणि ज्येष्ठांच्या बाबतीत एक गोष्ट वारंवार पाहिली आहे : पैसे प्रोसेसरवर खर्च होतात आणि उरलेल्या रकमेत मॉनिटर बसवला जातो. येथे नेमके उलटे करावे. आधी मॉनिटर ठरवावा आणि उरलेल्या रकमेत बाकीचे भाग बसवावेत, कारण त्यांना दिवसभर पाहायचा आहे तो पडदा.

एका बाजूला छायाचित्र आणि दुसऱ्या बाजूला टंकनाची खिडकी, अशी मांडणी त्यांना लागेल. साडेएकवीस इंची पडदा सुमारे ४८ सेंटीमीटर रुंद असतो, म्हणजे प्रत्येक खिडकीला २४ सेंटीमीटर मिळतात. २७ इंची पडदा सुमारे ६० सेंटीमीटर रुंद असल्यामुळे प्रत्येकी ३० सेंटीमीटर मिळतात आणि मोडीची एक पूर्ण ओळ सरकवल्याशिवाय वाचता येण्याची शक्यता बरीच वाढते. त्यातही १९२० बाय १०८० ऐवजी २५६० बाय १४४० बिंदूंचा आयपीएस (बाजूने पाहिले तरी स्पष्ट दिसणारा) पडदा परवडत असेल तर तो घ्यावा आणि विंडोजमध्ये अक्षरांचा आकार १२५ टक्के ठेवावा. इंग्रजी अक्षराला कमी बिंदू पुरतात. देवनागरीतील अनुस्वार, रफार आणि जोडाक्षरातील अर्धे अक्षर मात्र विरळ बिंदूंच्या पडद्यावर पुसट होते आणि ‘द्व’ आहे की ‘व्द’ आहे हे पाहण्यासाठी वाकावे लागते.

प्रोसेसर म्हणून इंटेलचा आय-३ १२१०० पुरेसा आहे. त्यात चार कोअर, म्हणजे स्वतंत्रपणे काम करणारे विभाग, आहेत आणि चित्रदर्शनाची सोय आतच असल्यामुळे वेगळे ग्राफिक कार्ड लागत नाही. मात्र नावाच्या शेवटी ‘एफ’ असलेला प्रोसेसर चुकूनही घेऊ नये. तो थोडा स्वस्त असतो, पण त्यात ही सोय नसते आणि कार्डाशिवाय पडदा काळाच राहतो. रायझन ५ ५६००जी हाही चांगला प्रोसेसर आहे; त्याचे सहा कोअर आपल्या कामात बहुतेक वेळ रिकामे बसतील इतकेच. शिवाय यूट्यूबवर आता सर्रास वापरल्या जाणाऱ्या एव्ही१ प्रकारच्या व्हिडिओंची उकल आय-३ च्या चित्रविभागात होते. ५६००जी मध्ये तो भार मुख्य प्रोसेसरवर पडतो. मदरबोर्ड (सगळे भाग ज्यावर बसतात तो फलक) एच६१० जातीचा चालेल; फक्त त्यावर एसएसडीसाठी एम.२ ची खाच आणि एचडीएमआय जोडणी आहे ना, हे पाहून घ्यावे.

रॅमचे भाव २०२५ च्या अखेरीपासून फार चढले आहेत, कारण कृत्रिम बुद्धिमत्तेच्या डेटा सेंटरांकडून मेमरीला प्रचंड मागणी आहे. १६ जीबी परवडली तर उत्तमच, पण त्यापायी मॉनिटर लहान करू नये. आज ८ जीबीची एकच पट्टी घालून दुसरी खाच मोकळी ठेवावी. हार्ड डिस्क आत बसवू नये, तिची घरघर रात्रीच्या शांततेत जाणवते. एका छायाचित्राला पाच एमबी धरले तरी दोन हजारांचे दहा जीबी होतात, त्यामुळे ५०० जीबीची एक एनव्हीएमई (एम.२ च्या खाचेत बसणारी) एसएसडी अनेक वर्षे पुरेल. दिव्यांच्या पंख्यांचे पैसे चांगल्या एसएमपीएसला, म्हणजे सगळ्या भागांना वीज पुरवणाऱ्या डब्याला, द्यावेत. कॅबिनेटसोबत फुकट येणारा एसएमपीएस दुकानदाराने कितीही आग्रह केला तरी नाकारावा. नावाजलेल्या कंपनीचा ४५० वॉटचा पुरून उरतो.

उत्तर : कर्वेनगर

विंडोजच्या परवान्याचा खर्च वरच्या हिशेबात आलेला नाही आणि सुटा परवाना स्वस्त नसतो. म्हणून मी वेगळा मार्ग सुचवतो. कार्यालयांतून निघालेले, तपासून पुन्हा विक्रीला आलेले नामांकित कंपन्यांचे डेस्कटॉप पुण्यात सहज मिळतात आणि त्यांच्यासोबत बहुतेक वेळा मूळ परवाना असतो. अट एकच : प्रोसेसर इंटेलच्या आठव्या पिढीचा किंवा त्यानंतरचा हवा, म्हणजे आय-५ ८५०० सारखा. सहाव्या-सातव्या पिढीची यंत्रे फार स्वस्त दिसतात, पण विंडोज ११ अधिकृतपणे त्यांवर चालत नाही आणि आज आपण ज्या अडचणीत आहात तिथेच ती आपल्याला परत आणतील. दुकानात यंत्र सुरू करून प्रोसेसरचा क्रमांक स्वतः वाचावा, वेष्टनावर चिकटवलेल्या चिठ्ठीवर विसंबू नये. अशा यंत्रात नवी एसएसडी घातली की वाचलेली सगळी रक्कम मॉनिटरवर लावता येते.

उत्तर : मोडीचा विद्यार्थी

आपल्या आईंच्या कामाविषयी वाचून मनापासून आनंद झाला. मीही हेच काम करतो, म्हणून यंत्राखेरीज दोन गोष्टी सांगतो.

पहिली गोष्ट चष्म्याची. त्या प्रोग्रेसिव्ह किंवा दुहेरी भिंगांचा चष्मा वापरत असतील तर जवळचे पाहण्यासाठी त्यांना भिंगाच्या खालच्या भागातून पाहावे लागते. मॉनिटर उंच असला की त्या नकळत हनुवटी वर करून वाचतात आणि संध्याकाळी मान धरते. मी वर्षभर मानेचा व्यायाम करत होतो आणि दोष होता मॉनिटरखाली ठेवलेल्या दोन जाड शब्दकोशांचा. ते काढून मॉनिटर खाली आणला, किंचित मागे कलवला आणि आठवड्यात फरक पडला. म्हणून उंची कमी-जास्त करता येणारा स्टँड असलेला मॉनिटर पाहावा. नेत्रतज्ज्ञांना डोळ्यांपासून पडद्याचे अंतर टेपने मोजून सांगितल्यास ते त्या अंतराचा वेगळा चष्मा करून देतात.

दुसरी गोष्ट छायाचित्रांची. ती व्हॉट्सअ‍ॅपवरून साध्या पद्धतीने संगणकावर पाठवू नयेत, कारण तेथे चित्र दाबून लहान केले जाते आणि बोरूच्या बारीक फटकाऱ्यांचे तपशील नाहीसे होतात. केबलने उतरवून घ्यावीत किंवा ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवावीत.

टंकनासाठी त्या आज जी पद्धत वापरतात तीच राहू द्यावी. विंडोजमध्ये इन्स्क्रिप्ट आणि उच्चारानुसारी असे दोन्ही मराठी कळफलक आता आतच मिळतात. उत्तम यंत्र आणून हातांची सवय मोडली तर त्या पुन्हा मोबाइल आणि डब्याकडे वळतील.

प्रश्नकर्ती : सहकारनगरची लेक

सर्वांचे आभार. आई दुहेरी भिंगांचाच चष्मा वापरते आणि मान दुखते असे ती गेले सहा महिने म्हणते आहे. आम्ही ते वयावर ढकलले होते, याचे वाईट वाटते. परवान्याच्या कारणामुळे कार्यालयीन यंत्राचा मार्ग पटला. फक्त २७ इंची पडदा दोन्ही प्रकारांत स्वतः पाहिल्याशिवाय घ्यायला धीर होत नाही. आणखी एक शंका : आमच्याकडे अधूनमधून गुरुवारी देखभालीसाठी वीज जाते. यूपीएस कोणता घ्यावा?

उत्तर : जुळणीकार, शनिवार पेठ

वरील कर्वेनगरच्या सदस्यांनी मांडलेला परवान्याचा मुद्दा बरोबर आहे आणि मी तो सोडायला नको होता. आठव्या पिढीचे यंत्र नीट तपासून मिळाले तर अवश्य घ्यावे.

६०० व्हीए क्षमतेचा यूपीएस पुरेल. वीज गेल्यावर काम सुरक्षित ठेवून संगणक बंद करण्याइतका वेळ तो देतो, दुपारभर चालवण्यासाठी तो नसतो, हे आईंना आधीच सांगावे. मॉनिटरची वायरही त्यातच लावावी. अनेक घरांत ती भिंतीला लावलेली असते आणि वीज जाताच यंत्र चालू पण पडदा अंधारात अशी पंचाईत होते. बॅटरी दोन-तीन वर्षांनी बदलावी लागते, म्हणून ती घेतल्याची तारीख यूपीएसवरच लिहून ठेवावी.

लिप्यंतराची प्रत बाहेरच्या डिस्कवर दर आठवड्याला घ्यावी आणि ती डिस्क काम झाल्यावर काढून कपाटात ठेवावी. संगणक पुन्हा विकत मिळेल, दोन वर्षांचे वाचन मिळणार नाही.

मॉनिटरसाठी आईंनाच दुकानात घेऊन जावे. सोबत पेन ड्राइव्हवर पाच छायाचित्रे न्यावीत, त्यांत एक सर्वांत पुसट कागदाचे असावे. दुकानदाराला दोन्ही पडदे शेजारी लावायला सांगावे आणि नेहमीच्या चष्म्याने, बसून, एक परिच्छेद मोठ्याने वाचायला लावावा.

प्रश्नकर्ती : सहकारनगरची लेक

काल गेलो होतो. पहिल्या पडद्यावर आई दोन ओळी वाचून थांबली. २५६० बाय १४४० च्या पडद्यावर तिने पुसट कागदाच्या पाच ओळी सलग वाचल्या आणि सहाव्या ओळीत, आजवर ज्याला ती शाईचा डाग समजत होती, तो अनुस्वार असल्याचे तिला दिसले. तोच मॉनिटर घेतला आहे. संगणक शनिवारी येईल.