जनरेटरमधला एरर ट्राय-कॅचला सापडत नाही

निपाणीकर: बेळगाव, खानापूर, निपाणी असे बाजारभाव एकेक यील्ड करणारं, म्हणजे एक व्हॅल्यू देऊन तिथंच थांबणारं जनरेटर फंक्शन आहे, जावास्क्रिप्टमध्ये. कॉलभोवती ट्राय-कॅच (एरर पकडणारा ब्लॉक) घातलाय, तरी एरर निसटतो. शिवाय खानापूरचा डेटा बिघडला की निपाणी येतच नाही. काय करावं सांगा की.

शहापूर_गल्ली: फंक्शन कॉल केल्यावर आतली एक ओळही चालत नाही बघा, नुसता जनरेटर ऑब्जेक्ट मिळतो. कोड सुरू होतो पहिल्या नेक्स्टला, म्हणजे पहिली व्हॅल्यू मागितल्यावर. फॉर-ऑफ लूप हे नेक्स्ट आपोआप करतो, म्हणून ट्राय त्या लूपभोवती घाला.

दुसरं जास्त महत्त्वाचं. न पकडलेला एरर बाहेर पडला की जनरेटर संपला. पुढच्या नेक्स्टला डन ट्रू (म्हणजे संपलं), व्हॅल्यू अनडिफाइंड (म्हणजे काहीच नाही). निपाणी हवी असेल तर ट्राय-कॅच जनरेटरमधल्या लूपच्या आत, प्रत्येक बाजारापुरता लावा. आत फक्त पार्सिंग (डेटा वाचून भाव काढणं) ठेवा, यील्ड बाहेर. कॅचमध्ये एरर गिळू नका, बाजाराच्या नावासह पुढं द्या. शेतकऱ्याला जुना भाव दिसण्यापेक्षा ‘उपलब्ध नाही’ दिसलेलं बरं.

खानापूर_कोडर: दादांनी सांगितलं ते बरोबर. फायनलीत (ट्राय-कॅचनंतर शेवटी हमखास चालणारा ब्लॉक) रिटर्न मात्र लिहू नका, मूळ एरर हरवतो. लूप ब्रेक केला तरी फायनली चालतं, तेव्हा कनेक्शन तिथंच बंद करा.

निपाणीकर: आणि थ्रो मेथड?

शहापूर_गल्ली: ती थांबलेल्या यील्डवर एरर टाकते. पहिल्या नेक्स्टआधी वापरलीत तर आतला ट्राय लागूच होत नाही, एरर सरळ तुमच्याकडं परत.