सरकी पेंडीतून बीटी गोठ्यात आलंच आहे

चर्चेत एकांनी लिहिलंय की २०१० मध्ये सरकारनं बीटी वांगं (अळी मारणारं प्रथिन तयार करणारा जिवाणूचा जनुक घातलेलं) थांबवलं, म्हणजे जीएम, जनुक बदललेलं पीक, आपल्या खाण्यात नाहीच. थोडी भर घालतो.

आमच्या कोल्हापूरकडच्या करवीर तालुक्यात ऊस, भात, सोयाबीन होतं; कापूस होत नाही. तरी रोज पहाटे धारेआधी म्हशीपुढं सरकी पेंडीचं, म्हणजे कापसाच्या बियांतलं तेल काढून उरलेल्या पेंडीचं, घमेलं येतं. रात्री भिजत घातलेली, सकाळी फुगून वर आलेली, तेलकट वासाची. म्हैस आधी तीच चाटूनपुसून खाते, मग वैरणीकडं वळते. बीटी कापसाला २००२ मध्ये परवानगी मिळाली आणि आज देशातला नव्वद टक्क्यांहून जास्त कापूस बीटीच आहे. मग ही पेंड वेगळी कुठून असणार? सरकीचं तेलही खाण्यात आहेच.

म्हणून दूध टाकून द्या असं मी म्हणत नाही. बीटीचं प्रथिन जनावराच्या पोटात इतर प्रथिनांसारखंच पचतं. माझी खरी काळजी शेतातली आहे. कापसावरची गुलाबी बोंडअळी आता बीजी-२ लाही, म्हणजे दोन बीटी जनुकं घातलेल्या कापसालाही, जुमानत नाही, आणि संकरित बियाणं दरवर्षी विकतच घ्यावं लागतं. उद्या कृष्णाकाठच्या वांग्यात हे तंत्र आणायचं असेल, तर बी घरी धरता येईल असं सरळ वाण द्या. बांगलादेशात बीटी वांग्याची अशीच वाणं दिली आहेत.